घरासकट घरी निघालेलं जोडपं

गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ. मराठी शाळेत भूगोल शिकलेल्या प्रत्येकाच्या कानात हे शब्द कुठेतरी पडून असतील. मी ते जवळजवळ तीस वर्षं फळ्यावर लिहिले. दर वर्षी मागच्या बाकावरून एक तरी आवाज यायचाच, "बाई, चाळीस कोण?" वर्ग हसायचा, मीही हसायचे आणि सांगायचे की हे अलीबाबाचे चाळीस नव्हेत, हे दक्षिण गोलार्धातले अक्षांश. उत्तरेकडे पश्चिमी वाऱ्यांना अडवायला आशिया आहे, युरोप आहे, उत्तर अमेरिका आहे. दक्षिणेत चाळीस अंशांच्या खाली जवळजवळ सगळं पाणीच. अडवणारं कुणी नाही, म्हणून वारा पृथ्वीभोवती गरगरत राहतो आणि लाटांना त्याच्याबरोबर हजारो मैल धावायला मिळतं. वाटेत आडवी येते ती मुख्यतः दक्षिण अमेरिकेची शेपटी. त्या शेपटीच्या टोकाला, साधारण ५६ अंशांवर, केप हॉर्न. त्याच्यापलीकडे अंटार्क्टिका. या दोहोंमधल्या चिंचोळ्या वाटेतून सगळं पाणी ढकलाढकली करत जातं.

हे सगळं मी शिकवलं, पण तिथे कुणी शिडाची छोटी बोट घेऊन जात असेल, आणि तेही नवरा-बायको, निवृत्तीनंतर, घरी परतायला म्हणून, हे काही पाठ्यपुस्तकात नव्हतं. तीनेक वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या पुतण्यानं एक जुनं इंग्रजी पुस्तक पाठवलं. 'वन्स इज इनफ', म्हणजे 'एकदा पुरे'. लेखक माइल्स स्मीटन, साल १९५९, प्रस्तावना कादंबरीकार नेव्हिल शूट यांची. माझं बीए मराठी माध्यमातून झालेलं, त्यामुळे शेजारी शब्दकोश ठेवूनच वाचलं. बोटीच्या भागांची नावं शब्दकोशात धड सापडेनात तेव्हा माहेरचं कोकण कामाला आलं. शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ. बोटीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक असायचं.

तर मंडळी, आज या जोडप्याविषयी.

माइल्स स्मीटन हा ब्रिटिश, पण अधिकारी आपल्याकडच्या सैन्यातला. हॉडसन्स हॉर्स या घोडदळात त्याची बरीच नोकरी झाली. ही रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे, घोड्यांऐवजी रणगाडे घेऊन. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात मेक्टिलाच्या लढाईत (१९४५) तो प्रोबिन्स हॉर्सचा प्रमुख होता. ती रेजिमेंट पुढे फाळणीत पाकिस्तानकडे गेली. ब्रिगेडियर होऊन तो निवृत्त झाला.

बायको बेरिल त्याच्याहून काही महिन्यांनी मोठी. तिची ओळख 'ब्रिगेडियरची पत्नी' अशी करून द्यायची माझी तयारी नाही. लग्नाआधीच तिनं एकटीनं आशियात आणि दक्षिण अमेरिकेत असा काही प्रवास केला होता की तेव्हाच्या गोऱ्या मडमांच्या क्लबात त्याची कुजबुज झाली असणार. तिचं हे दुसरं लग्न, १९३८ सालचं. पुढच्याच वर्षी दोघं चित्रळमधल्या तिरिच मीर या ७,७०८ मीटर उंचीच्या शिखरावर गेले. शिखर सर झालं नाही, पण त्यांच्याबरोबर एक तरुण शेर्पा होता. त्याचं नाव तेनसिंग नोर्गे. चौदा वर्षांनी, १९५३ मध्ये, तो कुठे पोहोचला ते सांगायला नको.

युद्धाच्या दिवसांतच बेरिलनं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सॉल्ट स्प्रिंग नावाच्या बेटावर जमीन घेतली होती. युद्ध संपल्यावर तिघं, म्हणजे ही दोघं आणि मुलगी, तिथे शेती करू लागले. आता यात बोट कुठून आली? बोट आली ती पैशांच्या भानगडीतून. युद्धानंतर ब्रिटननं चलन देशाबाहेर न्यायला कडक बंदी घातली होती. इंग्लंडातला पैसा कॅनडात नेता येईना. (खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला गेलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगायला नको!) मग यांनी युक्ती काढली. इंग्लंडात बोट विकत घ्यायची, ती चालवत कॅनडाला न्यायची आणि तिथे विकून पैसे करायचे. शिडाची बोट चालवण्याचा अनुभव म्हणाल तर नसल्यासारखाच.

बोटीचं नाव त्झू हँग. १९३८ साली हाँगकाँगमध्ये बांधलेली, सागवानी, ४६ फूट लांब, दोन डोलकाठ्यांची. अटलांटिक ओलांडून, पनामातून ती कॅनडाला पोहोचली आणि विकायची मात्र राहूनच गेली. पुढे शेतीचा पसारा आवरून हे जोडपं तिच्यावरच राहायला गेलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, यांचं बिऱ्हाड पाण्यावर. पुस्तकं, भांडीकुंडी, आणि प्वे नावाची एक सयामी मांजर.

१९५६ अखेर ती बोट मेलबर्नला होती. ऑलिंपिक नुकतंच संपलं होतं. मुलगी शिक्षणासाठी इंग्लंडला आणि यांना तिच्याकडे जायचं होतं. नकाशा डोळ्यांसमोर आणा. मेलबर्नहून इंग्लंडला जायचे मार्ग तीन. एक, हिंदी महासागर, तांबडा समुद्र आणि सुएझ. पण नोव्हेंबर १९५६ मध्ये सुएझच्या युद्धात कालवा बंद पडला होता, तो पुढच्या एप्रिलमध्ये उघडला. दोन, आफ्रिकेला वळसा. आणि तीन, पूर्वेला तोंड करून सरळ गरजणाऱ्या चाळीसात शिरायचं, पाठीवर वारा घ्यायचा, हॉर्नला वळसा घालून अटलांटिकमध्ये वर चढायचं. ऑस्ट्रेलियातलं धान्य आणि लोकर घेऊन जाणारी मोठमोठी शिडाची जहाजं याच वाटेनं जात. १६१६ साली डच खलाशांनी हे टोक पहिल्यांदा ओलांडलं आणि आपल्या होर्न या गावाचं नाव त्याला दिलं, तेव्हापासून १९१४ साली पनामा कालवा सुरू होईपर्यंत या वाटेवर रहदारी होती. व्यापारी शिडाचं शेवटचं जहाज तिथून गेलं ते १९४९ मध्ये, 'पामिर' नावाचं. या पामिरचं नाव लक्षात ठेवा, ते परत यायचं आहे.

स्मीटन जोडप्यानं तिसरा मार्ग निवडला. सोबत घेतला जॉन गझवेल या सव्वीस वर्षांच्या तरुणाला. जॉन सुतारकामात तरबेज. साडेवीस फुटांची 'ट्रेक्का' नावाची बोट त्यानं स्वतःच्या हातानं बांधली होती आणि तिच्यातून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला होता. ती न्यूझीलंडमध्ये ठेवून तो यांच्याबरोबर आला. या मुलाला बरोबर घेतला नसता तर पुढची गोष्ट सांगायला कुणी उरलंच नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिसेंबरच्या अखेरीला निघाले. वाट पाच-सहा हजार सागरी मैलांची. पहिले सात आठवडे सगळं ठीक चाललं होतं. एकमेकांच्या पाळ्या लावून सुकाणू धरायचं, स्वयंपाक करायचा, वाचायचं, झोपायचं. केप हॉर्न हजार-अकराशे मैलांवर आलं.

१४ फेब्रुवारी १९५७. (आजकालच्या मुलांना ही तारीख वेगळ्याच कारणासाठी पाठ असते.) वादळ होतं. शिडं उतरवलेली होती. बोट फार वेगानं धावू नये म्हणून मागे पाण्यात एक लांबलचक जाड दोरखंड सोडलेला होता. तो बोटीला मागे ओढून धरतो आणि तिचं शेपूट लाटेकडे सरळ ठेवतो. अशा समुद्रात काय करावं, याचं तेव्हाच्या जाणत्यांचं उत्तर हेच होतं. सकाळची वेळ. सुकाणूवर बेरिल, कमरेला सुरक्षेचा दोर बांधून. माइल्स आणि जॉन खाली केबिनमध्ये. मागून एक लाट आली, ती उतरत्या डोंगरासारखी नव्हे तर उभ्या भिंतीसारखी. बोटीचं शेपूट वर, नाळ खाली पाण्यात, आणि ४६ फुटांच्या बोटीनं अख्खी कोलांटी खाल्ली. लहान मूल गादीवर मारतं तशी.

बोट पुन्हा सुलट झाली तेव्हा काय उरलं होतं? दोन्ही डोलकाठ्या मोडून पाण्यात. सुकाणू गेलेलं. केबिनच्या छपराचा वर उचललेला भाग मुळापासून उखडून गेलेला आणि त्या जागी माणूस काय, म्हैस उतरेल एवढं भोक. आत कमरेइतकं पाणी, त्यावर गाद्या, पुस्तकं, डबे तरंगताहेत. आणि बेरिल बोटीवर नाही. तिचा दोर तुटला होता.

ती दिसली तीसेक यार्डांवर पाण्यात. मोडक्या डोलकाठीच्या दोऱ्या पाण्यात लोंबत होत्या, तिथवर ती पोहत आली. डोक्याला जखम, खांदा दुखावलेला. दोघांनी तिला वर ओढून घेतलं. त्या क्षणी दोघाही पुरुषांची मनोमन खात्री झाली होती की आता संपलं. अशीच दुसरी एक लाट त्या भोकातून आत आली की बोट तळाला. पाण्यातून आत्ता वर आलेल्या बेरिलनं मात्र विषय काढला तो बादल्यांचा. बादल्या कुठे आहेत ते तिला माहीत होतं.

मी हे वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. यात शौर्य आहे हे कुणीही सांगेल. पण मला त्यात संसार दिसला. घरात पाणी शिरलं, छप्पर उडालं, पुरुष माणसं डोक्याला हात लावून उभी आहेत आणि बाईला मात्र बादली कुठल्या कोपऱ्यात ठेवली आहे ते ठाऊक आहे. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांना विचारा.

मग उपसा सुरू झाला. जॉननं आधी भोकं बुजवायला घेतली, हाती लागतील त्या फळ्या ठोकून आणि वर शिडाचं कापड ताणून. बाकीचे बादलीमागून बादली बाहेर. असा अख्खा दिवस. मांजर भिजून गारठलेली सापडली, पण जिवंत.

तो १९५७ चा काळ होता, हे विसरू नका. आज बोट संकटात सापडली की एक डबी उपग्रहाला इशारा देते. त्या पद्धतीनं पहिली सुटका झाली ती १९८२ साली. १९५७ च्या फेब्रुवारीत आकाशात एकही उपग्रह नव्हता. आपल्यावर काय ओढवलं आहे हे जगाला कळवायचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. मदत येणार नव्हतीच. जवळचा उपयोगी किनारा म्हणजे चिली, साधारण साडेतेराशे सागरी मैल, म्हणजे सुमारे अडीच हजार किलोमीटर. ना शीड, ना डोलकाठी, ना सुकाणू.

इथून पुढची पानं मी दोनदा वाचली. साहित्य म्हणून नव्हे, कारागिरी म्हणून. जॉननं पाण्यातून हत्यारं शोधून काढली, बोटीतल्याच लाकडातून एक ठेंगणी डोलकाठी तयार केली, सुकाणूच्या जागी एक लांब वल्हं बनवलं. हे सगळं उधाणात हेलपाटणाऱ्या बोटीवर, जिथे हातातला खिळासुद्धा जागेवर राहत नाही. चुकार शिडांचे तुकडे जोडून ती पांगळी बोट उत्तरेला सरकू लागली. महिन्याहून जास्त काळ ती अशीच सरकत होती. मार्चमध्ये चिलीच्या कोरोनेल या बंदरात ते पोहोचले, आपल्या पायांवर, कुणीही ओढून न नेता.

'एकदा पुरे' म्हणायची वेळ खरं तर हीच. पण बोट तालकाहुआनोच्या आरमारी गोदीत गेली आणि सुरू झाला दुसरा खेळ, वाट पाहण्याचा. घराची दुरुस्ती काढलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. चिलीच्या आरमारानं मनापासून मदत केली, तरी नव्या डोलकाठ्या, नवं सुकाणू, नवं छप्पर म्हणजे काही दिवसांचं काम नव्हे. जॉनला त्याची ट्रेक्का खुणावत होती, तो गेला. (त्यानं १९५९ मध्ये एकट्यानं प्रदक्षिणा पुरी केली. तोवर एवढ्या छोट्या बोटीनं ती कुणी केली नव्हती.) ऋतू गेला. दक्षिणेतला हिवाळा आला आणि सरला.

त्या वर्षात जगात काय काय घडत होतं पाहा. २१ सप्टेंबर १९५७ ला अटलांटिकमध्ये चक्रीवादळात पामिर बुडालं. हो, तेच पामिर, हॉर्नवरून गेलेलं शेवटचं व्यापारी शिडाचं जहाज. ८६ जणांपैकी ६ वाचले, आणि गेलेल्यांत कोवळी शिकाऊ पोरं पुष्कळ होती. शिडाच्या जहाजांचं युग तिथेच संपलं म्हणतात. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, रशियानं स्पुटनिक सोडला. एक युग समुद्राच्या तळाशी गेलं, दुसरं आकाशात चढलं. आणि या दोहोंच्या मधे चिलीच्या गोदीत एका सागवानी बोटीला रंधा मारणं चालू होतं. इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या दोन गोष्टी येतात. मला तिसरीत जास्त रस आहे, त्याला काय करणार?

डिसेंबर १९५७ मध्ये ते पुन्हा निघाले. या वेळी दोघंच. वय तिचं ५२, त्याचं ५१. दिशा तीच, दक्षिणेला, हॉर्नकडे. आणि २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, पहिले पाढे पंचावन्न! पुन्हा वादळ. या खेपेला पहिल्या अनुभवातून शिकून त्यांनी वाऱ्यापुढे पळायचं नाही असं ठरवलं होतं. शिडं उतरवली, बोट तिच्या मनाप्रमाणे आडवी तरंगू दिली आणि दोघं आत जाऊन बसले. पळून उपयोग झाला नव्हता, आता न पळून पाहू. लाट आली ती कुशीवर. बोट पूर्ण लोळली आणि परत वर आली, पुन्हा दोन्ही डोलकाठ्या गमावून.

आता जॉन नव्हता. पण त्यानं केलेलं दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुन्हा भोकं बुजवली, पुन्हा उपसा, पुन्हा तात्पुरती काठी, पुन्हा चिंध्यांचं शीड. जवळपास महिनाभरानं, हजारभर मैल उत्तरेला, वाल्पाराइसो बंदर आलं. तिथून त्झू हँग इंग्लंडला गेली ती एका मालवाहू आगबोटीवर चढून. ज्या घरात बसून घरी जायचं होतं, ते घरच सामानासारखं पाठवावं लागलं.

आमच्या ह्यांना मी ही सगळी हकीकत जेवताना तुकड्यातुकड्यानं सांगत होते. त्यांचं मत पक्कं. "याला धाडस म्हणत नाहीत, याला खाज म्हणतात." बँकेत आयुष्य काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार! पण त्यांचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. पोरीचं काय? पंधरा-सोळा वर्षांची मुलगी परक्यांच्या भरवशावर शाळेत. आईबाप मेलबर्नहून निघाले ते मार्चमध्ये चिलीला लागेपर्यंत त्यांची खुशाली कळायला मार्गच नव्हता. आणि ते वाचले, तर परत तिथेच गेले. आई म्हणून मला बेरिलचा राग आला, हे सरळ सांगते. पहिल्या वेळी समुद्र कसा आहे हे माहीत नव्हतं असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी कुठल्या तोंडानं म्हणणार?

मात्र त्यांच्या दोन अपघातांचा उपयोग झाला, आणि तो दुसऱ्या एका जोडप्याला झाला. बर्नार मुआतेसिए हा फ्रेंच दर्यावर्दी आणि त्याची बायको फ्रान्स्वाज १९६५ च्या अखेरीस ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरून 'जोशुआ' नावाच्या पोलादी बोटीनं युरोपला निघाले. यांनाही घरी मागे ठेवलेल्या मुलांकडे लवकर पोहोचायचं होतं, म्हणून वाट हॉर्नची. स्मीटनचं पुस्तक मुआतेसिएला चांगलं माहीत होतं. डिसेंबरच्या वादळात त्यानंही आधी जाणत्यांचं ऐकून मागे दोरखंड आणि लोखंडाची वजनं सोडली होती. मग त्याच्या लक्षात आलं की दोर ओढून धरतात म्हणून बोट लाटेला चुकवू शकत नाही, आणि त्झू हँगचं जे झालं ते आपलंही होईल. त्यानं सुरा घेतला आणि दोर कापून टाकले. मोकळी झालेली बोट वेगानं धावू लागली, आणि प्रत्येक मोठी लाट त्यानं थेट पाठीवर न घेता जराशी तिरकी घेतली. १२६ दिवसांत, कुठेही न थांबता, ते स्पेनच्या अलिकांते बंदरात पोहोचले. दोर ठेवावे की कापावे, पळावं की थांबावं, यावर शिडाच्या बोटींची दुनिया अजून एकमत झालेली नाही. अॅडलर्ड कोल्स यांच्या वादळातल्या नौकानयनावरच्या १९६७ च्या ग्रंथातही त्झू हँगची चर्चा आहे. बोटीच्या जातीवर, तिच्या वजनावर, लाटेच्या घडणीवर ते ठरतं म्हणे. मला त्यातलं कळत नाही. पण कुणी तरी आपल्या पराभवाची हकीकत अशी खरी-खरी, स्वतःला झुकतं माप न देता लिहून ठेवते आणि त्यावरून दुसऱ्याला दोर कापायचं सुचतं, हे मात्र कळतं.

इथे आपल्या लोकांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे पहिले भारतीय. वाटेत केप हॉर्न होतंच. आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया'च्या डोलकाठ्या दक्षिण हिंदी महासागरात मोडल्या, पाठीला जबर मार लागून ते आतच पडून राहिले. तीही गोव्यातच बांधलेली बोट. विमानांनी त्यांना शोधलं, तीन दिवसांनी फ्रेंच जहाजानं उचललं. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच शर्यतीत ते दुसरे आले. हे सगळं मी ह्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "तीच खाज." असो.

स्मीटन मंडळी इंग्लंडला पोहोचल्यावर थांबली असतील असं तुम्हांला वाटतं का? बोट दुरुस्त झाली आणि पुन्हा दहा-बारा वर्षं तिचं घर झालं. हिंदी महासागर पाहून झाला, जपान झालं, तिथून अॅल्यूशियन बेटांच्या धुक्यातून परत कॅनडा झालं. आणि डिसेंबर १९६८ मध्ये, बॉब नान्स या तरुण सोबत्याला घेऊन, त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. तोही पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे वारा तोंडावर घेऊन, जास्त कठीण बाजूनं. बेरिल तेव्हा ६३ वर्षांची होती. आमच्याकडे त्या वयात जिना चढताना कठड्याला धरायला सांगतात.

मग मात्र बोट दिली आणि ते जमिनीवर आले. कॅनडात अल्बर्टा प्रांतात, कॉक्रन गावाजवळ. सगळ्या समुद्रांपासून शेकडो मैल आत. तिथे त्यांनी जखमी आणि अनाथ वन्यप्राण्यांसाठी जागा केली. स्विफ्ट फॉक्स नावाचा मांजराएवढा एक कोल्हा कॅनडाच्या गवताळ मैदानांतून नामशेष झाला होता. अमेरिकेतून त्याच्या जोड्या आणून त्यांनी आपल्या आवारात त्यांची पैदास सुरू केली. बेरिल १९७९ मध्ये गेली. त्या कोल्ह्यांची पहिली पिल्लावळ मोकळ्या माळावर सोडली ती १९८३ साली, आणि ते पाहायला माइल्स होता. तो १९८८ मध्ये गेला. ते कोल्हे कॅनडात आजही आहेत.